मऊ ते अंजन, राठ ते धामण

माणूस खोटं बोलतो, सरकारी कागद खोटं बोलतो, घोडासुद्धा कवायतीच्या दिवशी लंगडल्याचं सोंग आणतो. पण गवत कधी खोटं बोलत नाही. हे दत्तोजीरावांचं तत्त्वज्ञान होतं, आणि म्हैसूरच्या सरकारी गवतखान्याच्या दारात उभं राहून त्यांनी ते तीस वर्षं लोकांना ऐकवलं. पहिल्यांदा ऐकवलं त्या दिवशी पुढ्यातला भारा सोडून पाहिला, तर आत ओला पाला आणि त्याच्याही आत वजनासाठी घातलेले दोन धोंडे निघाले. दत्तोजीराव डगमगले नाहीत. "खोटं बोलला तो भारा बांधणारा," ते म्हणाले. "गवत बिचारं धोंड्यावर गप्प बसून होतं."

त्यांचे पूर्वज कुठल्याशा स्वारीबरोबर घोड्यावर बसून कृष्णेच्या खाली उतरले होते. परत फिरायचा हुकूम बहुधा वाटेत गहाळ झाला, कारण दोनशे वर्षं लोटली तरी तो आला नव्हता. तोवर घराण्यानं घरात मराठी, बाजारात कानडी आणि घोड्याशी दोन्ही अशी व्यवस्था लावून घेतली. आजोबा घोड्यावर, वडील घोड्यावर. दत्तोजीराव विसाव्या वर्षी घोड्यावरून पडले, डावा खुबा कायमचा वाकडा झाला, आणि सरकारनं त्यांची घोड्याच्या पाठीवरून घोड्याच्या पोटाकडे बदली केली. दाराशी येणारं गवत हुंगायचं, चावून पाहायचं, आत घ्यायचं किंवा परत पाठवायचं.

या कामात त्यांनी एक विद्या कमावली. वाळूत उगवणारी दोन गवतं असतात, अंजन आणि धामण. चुलत भावंडं. दोघांचा तुरा उंदराच्या शेपटासारखा, दोघांची पाती सारखी, दोघांच्या बोंडांत वाळूचे कण अडकून बसतात. फरक काय तो बोंडांच्या केसांत. अंजनाचे केस लांब, मऊ, जरासे जांभळट. धामणीचे आखूड आणि ताठ, न्हावी चार दिवस फिरकला नाही म्हणजे दाढीचे होतात तसे. वाळलेल्या गवतात डोळ्यांना हे चटकन कळत नाही, म्हणून दत्तोजीराव तुरा गालावरून उलटा फिरवीत. मऊ ते अंजन, राठ ते धामण. घोडा दोन्ही सारख्याच आवडीनं खातो, ही गोष्ट त्यांनी विद्येच्या आड येऊ दिली नाही.

विद्येला पुढे एक शेपूटही फुटलं. अंजन उगवतं तिथे वाळूखाली हातभरावर पाणी असतं, आणि धामण उगवते तिथे नुसती तहान. हा शोध त्यांना कावेरीकाठच्या तलकाडच्या वाळूत लागला होता. मुलगा भुजंग सहा वर्षांचा असताना त्यांनी त्याला तिथे नेऊन दिवसभर तुरे गालावर घासायला लावले. पोराचे गाल दोन दिवस लाल होते, पण विद्या उतरली. एके ठिकाणी दोन्ही गवतं एकाच बुंध्याशी उगवलेली दिसली तेव्हा भुजंगानं विचारलं, "आबा, मग इथे काय आहे? पाणी की तहान?"

"या जागेचं अजून ठरलेलं नाही," दत्तोजीराव म्हणाले.

भुजंगराव मोठा झाला आणि घराण्याच्या रीतीनं पुन्हा घोड्यावर बसला. रिसाल्यात लागला, त्याचं लग्न झालं, एच. डी. कोटे गावची तुंगा सून होऊन घरात आली. दोन वर्षं झाली न झाली तोच चौदा साली युरोपातल्या बादशहांचं आपसांत काहीतरी बिनसलं, आणि त्यापायी म्हैसूरचे घोडे बोटीत चढवणं भाग पडलं. दत्तोजीरावांची बायको आधीच वारलेली. घरात राहिले सासरा आणि सून.

पहिलं पत्र मिसर देशाहून आलं ते चाळण होऊन. गावांची नावं शत्रूला कळू नयेत म्हणून कुणा साहेबानं ती कात्रीनं कापून काढली होती.

"काय लिहिलंय, मामंजी?"

"लिहिलंय, आम्ही इथे सुखरूप पोचलो. इथे म्हणजे कुठे, तिथे भोक आहे. समोर एक भोक आहे, मागे एक भोक आहे. हवा चांगली आहे. घरातील सर्व मंडळींस नमस्कार."

घरात दत्तोजीराव सोडले तर सर्व मंडळी म्हणजे एकटी तुंगाच. पण बापाला लिहिलेल्या पत्रात बायकोचं नाव घालण्याइतका भुजंगराव सुधारलेला नव्हता. तुंगानं कागद हातात घेतला, उजेडाकडे धरला आणि एका भोकातून पाहिलं.

"इथून चामुंडीचा डोंगर दिसतो," ती म्हणाली.

दत्तोजीरावांनी त्याच दिवशी उलट पत्र लिहिलं. 'साहेब शब्द कापतो. गवत कापायचं त्याला सुचणार नाही. जिथे असशील तिथला वाळूतला एक तुरा दर पत्रात घालीत जा. बाकी मी पाहून घेईन.'

अडीच महिन्यांनी पाकीट आलं. आत वीतभर वाळका तुरा होता. दत्तोजीरावांनी तो गालावरून उलटा फिरवला. मग दुसऱ्या गालावरून फिरवला.

"अंजन," ते म्हणाले. "पाण्याजवळ आहे. कालवा आहे म्हणतात तिकडे, त्याच्या काठाला असणार. गोळी तिथवर येत नाही."

तुंगा तुरा घेऊन स्वयंपाकघरात गेली. बऱ्याच वेळानं बाहेर आली तेव्हा तिचा एक गाल लाल होता. बोंडांतून झडलेले वाळूचे कण तिनं पाटीवर जमा केले होते. चिमूटभर भरले. ते तिनं कुंकवाच्या करंड्यातल्या रिकाम्या कप्प्यात ठेवले आणि तेव्हापासून सकाळी कुंकू लावताना ती आधी त्या वाळूला बोट लावू लागली. मिसरची वाळू कपाळाला लावण्याला शास्त्राधार नव्हता. पण सून हे सगळं निमूटपणे करी, त्यामुळे शास्त्र काढायची वेळ कुणावर आली नाही.

त्यानंतर अडीच वर्षांत एकोणीस पत्रं आली. एकोणीस तुरे आले. एकोणीसच्या एकोणीस मऊ. दत्तोजीरावांनी ते वहीच्या पानांवर डिंकानं चिकटवले आणि खाली लिहिलं, 'मिसरी अंजन. आपल्या अंजनाचा चुलत भाऊ. केस किंचित लांब.' कॉलेजात वनस्पती शिकवणारे एक मास्तर ओळखीचे होते. त्यांनी वही भिंगाखाली धरून पुष्कळ वेळ पाहिली आणि म्हणाले, "मला तर हे आपल्याकडचंच वाटतं."

"तुम्ही भिंगातून पाहता म्हणून," दत्तोजीराव म्हणाले आणि वही उचलून घरी आले.

ही विद्या गल्लीत लपून राहिली नाही. पलीकडच्या घरातली गिरिजाबाई एक दिवस पदराखाली पाकीट घेऊन आली. तिचा नवरा गुंडेराव त्याच रिसाल्यात होता. तिनंही नवऱ्याला कळवून तुरा मागवला होता.

"काका, बघा जरा. आमचे हे कुठे आहेत?"

दत्तोजीरावांनी तुरा गालावर फिरवला आणि त्यांचा चेहरा बदलला. "धामण आहे, गिरिजाबाई."

"म्हणजे?"

"म्हणजे आघाडीला. कोरडी वाळू. पाण्याचा थेंब नाही."

"अय्यो!" गिरिजाबाईनं तिथेच बसकण मारली. "आणि पत्रात लिहितात, पोटभर जेवतो, वजन वाढलंय म्हणून!"

"तुम्हाला काळजी वाटू नये म्हणून लिहीत असेल. शूर माणसं असंच लिहितात."

गुंडेराव शूर आहे ही बातमी गिरिजाबाईला नवीन होती. तिनं सोमवार धरले. पुढच्या पाकिटात पुन्हा धामण निघाली तेव्हा शनिवारही धरले. नवरा तिकडे तहानेनं व्याकूळ, या विचारानं ती उपासाच्या दिवशी पाणीसुद्धा घेईना. तुंगाला ती म्हणायची, "तुझं काय बाई, तुझा नवरा काठावर पाय सोडून बसलाय." तुंगा हसायची. तेवढ्या अडीच वर्षांत तुंगा हसायची, हे गल्लीतल्या पुष्कळांना आठवतं.

सतरा सालच्या श्रावणात रिसाल्याच्या कचेरीतले कारकून दामोदरराव भर दुपारी पगडी घालून आले. जिन्नस आणायला बाजारात जाताना दामोदरराव पगडी घालीत नसत.

"दत्तोजीराव, जरा बसता का?"

"उभ्यानं ऐकण्यासारखं नाही?"

दामोदररावांनी तारेचा कागद काढला आणि इंग्रजीतून मराठीत, एकेक शब्द चिमट्यानं उचलावा तसा, उतरवला. वाळवंटात टेहळणीला गेलेली तुकडी. भुजंगराव बेपत्ता. मारला गेला असावा.

"असावा?"

"असावा असं आहे."

"मग नसावा असंही त्यात आलंच."

दामोदरराव कचेरीत वीस वर्षं होते, तरी या मुद्द्यावर त्यांनी कागद पुन्हा उलटून पाहिला. आत तुंगा तांदूळ निवडीत होती. सुपाचा आवाज थांबला, आणि थोड्या वेळानं पुन्हा सुरू झाला.

जातीतल्या वडीलधाऱ्या बायका येऊन बसल्या. बांगड्या, कुंकू, जे करायचं ते रीतीनं करून टाकावं, असं त्यांचं म्हणणं. दत्तोजीराव म्हणाले, "बेपत्ता म्हणजे हरवला. हरवलेलं सापडतं. गौरीचा सण होऊ द्या." म्हैसुरात गौरीचा सण म्हणजे सवाशिणींचा सण. बायका आपसांत कुजबुजल्या, की या पोरीला हळदकुंकू द्यायचं की नाही हे एकदा ठरवा तरी. शेवटी गौरीच्या आदल्या दिवशी सकाळी यायचं ठरवून त्या उठल्या.

त्या सकाळी बायका आल्या, आणि त्यांच्या पाठोपाठ टपालवाला आला.

पाकिटावर अक्षर भुजंगरावाचं. तारखेवर साहेबाचा शिक्का बसून ती वाचता येत नव्हती. आत अर्ध्या पानाचं पत्र. प्रकृती ठीक आहे, घोडा ठीक आहे, घरातील सर्व मंडळींस नमस्कार. आणि एक तुरा. दत्तोजीराव तुरा घेऊन उजेडात आले. त्यांनी तुरा गालावरून उलटा फिरवला. ओट्यावर चार बायका, एक टपालवाला आणि दारात तुंगा, सगळे त्यांच्या गालाकडे पाहत होते.

"मऊ," ते म्हणाले.

मग त्यांनी तुरा बोटांत चोळला. दाणे अजून भरलेले होते, म्हणजे तुरा ताजा. "तार येऊन महिना झाला. हे पत्र आत्ता आलं. तो मेला म्हणतात तो कोरड्या वाळवंटात, आणि हा आहे अंजनात, पाण्याशी. साकु. आता पुरे. बायांनो, उद्या गौर आहे. माझ्या सुनेला हळदकुंकवाला बोलवायला विसरू नका."

बायका गेल्या. तुंगा पुढे आली. तिनं सासऱ्याच्या हातातला तुरा घेतला, आपल्या गालाला लावला आणि तशीच खांबाला टेकून उभी राहिली. सासऱ्यासमोर सून अशी उभी राहत नाही. पण त्या दिवशी ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

पुढे पत्र आलं नाही.

पत्र न येण्याची कारणं दत्तोजीरावांकडे पुष्कळ होती. बोटी बुडतात. कैदेत टाकलं तर शत्रू कागद देत नाही. साहेबाची कात्री कधीकधी सबंध पत्रच कापत असेल. कचेरीनं सहा महिन्यांनी 'मृत' असा कागद पाठवला आणि खाली बापाची सही मागितली. दत्तोजीरावांनी कागदाच्या मागे लिहून पाठवलं, 'गवत मऊ आहे. सही करता येत नाही.' दामोदररावांनी तो कागद फाइलीत कुठे लावावा या विचारात आठवडा काढला.

अठरा साली तुंगाचा भाऊ अंबाजीराव एच. डी. कोट्याहून आला. धिप्पाड माणूस. ओट्यावर बसला आणि पाणी घ्यायच्या आधीच बोलला.

"मामा, एका काडीला माझी बहीण बांधून ठेवलीत तुम्ही."

"काडी नव्हे, तुरा."

"तेच ते. गावात लोक तोंडावर विचारतात मला. देवळात ती सवाशिणींच्या ओळीत बसली की शेजारची उठून जाते. तुम्हाला दिसत नाही, तिला दिसतं. रडायचंसुद्धा नाही का तिनं? माणूस गेला तर घर रडतं, मामा. इथे रडायलाही तुमची परवानगी लागते."

तुंगा दारात आली. "अण्णा, तुला अंजन आणि धामण यातला फरक कळतो का?"

"मला भात कळतो."

"मग भात वाढते. जेव आणि जा."

अंबाजीराव जेवला आणि गेला. जाताना बैलगाडीत बसून तो डोळे पुसत होता, असं गिरिजाबाईनं पाहिलं. उपासानं तिची नजर तीक्ष्ण झाली होती.

त्यानंतर आठ दिवसांनी दत्तोजीराव कुणाला न सांगता तलकाडला गेले. का गेले, ते त्यांनी स्वतःलाही सांगितलं नसावं. नदीपासून दूर, वाळूच्या उंच ढिगावर ते खुबा ओढत चढले. माथ्यावर चटके बसत होते. तिथे खाली हातभरावर काय, चार पुरुष खणलं तरी पाणी लागलं नसतं. आणि तिथे गुडघ्याएवढं गवत माजलं होतं. दत्तोजीरावांनी एक तुरा तोडून गालावर फिरवला. मऊ. दुसरा फिरवला. मऊ. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. मग खाली बसले आणि त्या ढिगाच्या माथ्यावरचं सगळं गवत एकेक बुंधा धरून मुळासकट उपटून काढलं. दुपार गेली. हातांना चिरा पडल्या. शेवटचा बुंधा उपटून त्यांनी जागा पायानं सारखी केली आणि घरी आले.

"हातांना काय झालं, मामंजी?"

"गवत कापलं."

"कुठलं?"

"सुम्मने. असंच आपलं," ते म्हणाले. तुंगानं हळद आणि तेल आणून त्यांच्या हातांना लावलं, आणि पुढे काही विचारलं नाही. तिला शंका आली होती की नव्हती, हे त्यांना पुढे कित्येक दिवस कळेना. ती सकाळी कुंकू लावी, वाळूला बोट लावी, देवळात जाई. फक्त ती आता हसत नसे, आणि रडत तर नव्हतीच. घरात कुणी मेलेलं नव्हतं.

वीस सालच्या माघात रिसाला परत आला. बंगळुरात बँड वाजला, फुलं उधळली गेली. दत्तोजीराव दोन दिवस दारात खुर्ची टाकून बसून होते. तिसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत पावलं वाजली आणि त्यांनी मान वर केली. तो गुंडेराव होता.

गुंडेराव अंगानं दुप्पट झाला होता. काखेत लाकडी खोकं होतं. मागून गिरिजाबाई, नवरा जिवंत आला म्हणून नवी साडी नेसलेली, पण त्याचा आकार पाहून जराशी विचारात पडलेली.

गुंडेराव पाया पडला. मग खाली मान घालून बसला. "काका, भुजंगाचं... मी काय बोलू? तुम्हाला तार आलीच असेल."

"आली होती," दत्तोजीराव म्हणाले. "तू पाहिलास?"

"त्याला नाही पाहिलं. पाच जण टेहळणीला गेले. दुसऱ्या दिवशी त्याचा घोडा एकटाच परत आला. खोगीर..." गुंडेराव थांबला. "होगली बिडी, काका. जाऊ द्या."

घोडा एकटा परत येणं म्हणजे काय, हे त्या घराण्यात दोनशे वर्षं कुणाला समजावून सांगावं लागलं नव्हतं. तरी दत्तोजीराव म्हणाले, "त्यानंतर त्याचं पत्र आलं."

"हो, ते." गुंडेराव खोकं उघडू लागला, हाताला काहीतरी काम हवं होतं. "वहिनींसाठी कैरोहून काचेचा दिवा आणलाय. फुटू नये म्हणून गवतात..."

दत्तोजीरावांचा हात आपोआप पुढे गेला. त्यांनी खोक्यातून एक तुरा उचलला, गालावरून उलटा फिरवला, आणि त्यांचा चेहरा उजळला. "मिसरी अंजन! केस बघ किती लांब. कालव्यावर कापलंस?"

"कापलं?" गुंडेराव म्हणाला. "हे कराचीचं आहे, काका."

"कराचीचं?"

"बोटीनं गाठी यायच्या ना घोड्यांसाठी. कराची बंदरातून. तारेनं आवळलेल्या. मी दाणागोट्याच्या कोठारावरच होतो पाच वर्षं. तुम्ही तुरा मागायचात तो मीच गाठीतून ओढून द्यायचो सगळ्यांना."

"तिथे वाळूत गवत नव्हतं?"

"उंट खातात ती झुडपं होती. गवत असतं तर सरकारनं बोटीतून कशाला आणलं असतं?"

गिरिजाबाई पुढे सरकली. "तुम्ही कोठारावर होता? आघाडीला नव्हता? मग मी इतकी वर्षं सोमवार आणि शनिवार..."

"तुला कुणी सांगितलं आघाडीला म्हणून?"

गिरिजाबाईनं दत्तोजीरावांकडे पाहिलं आणि तोंडाशी आलेलं गिळलं. तिच्या आयुष्यातला तो सर्वांत कडक उपास असावा.

गुंडेरावाला वाटलं, म्हाताऱ्याला बरं वाटेल असं काही सांगावं. "भुजंगा मात्र कुठलाही घ्यायचा नाही हं. गाठ सोडायला लावायचा, एकेक गालावर फिरवायचा. राठ लागला की फेकून द्यायचा. मी म्हणायचो, अरे, घोड्याला चालतं ते तुझ्या बापाला चालणार नाही का? तर म्हणायचा, नाही, आबांना मऊच पाठवायचा."

"आघाडीला असतानाही?"

"तो आघाडीलाच असायचा, काका. पहिल्या महिन्यापासून."

दत्तोजीरावांनी तुरा मांडीवर ठेवला. मग त्यांनी विचारलं, "शेवटच्या पत्रात?"

"तो मी घातला." गुंडेराव ओशाळला. "टेहळणीला निघताना पत्र माझ्या हातात दिलं त्यानं. मी गाठ सोडायला लागलो तर म्हणाला, असू दे, आज नको. पत्र माझ्या कोटातच राहिलं. तार गेल्यावर पंधरा दिवसांनी सापडलं. मी म्हटलं, काका तुऱ्याची वाट पाहतील, म्हणून एक घालून टाकला."

तुंगा कॉफीचे पेले घेऊन दारात उभी होती. कधीपासून, ते कुणाला ठाऊक नव्हतं. तिनं पेले खाली ठेवले. "भावजी, मऊ बघून घातलात?"

"मला त्यातलं काय कळतंय, वहिनी? हाताला आला तो घातला."

तुंगानं मान डोलावली, हिशेब जुळल्यासारखी, आणि आत गेली. आतून बांगड्यांचा आवाज आला. मग परत आला नाही. थोड्या वेळानं आतून दुसरा आवाज येऊ लागला, अडीच वर्षं उशिरा, आणि गिरिजाबाई नवी साडी सावरत धावत आत गेली.

गुंडेराव कॉफी तशीच टाकून उठला. दत्तोजीरावांनी खोक्यातला दिवा बाहेर काढून बाजूला ठेवला आणि खोकं ओट्यावर उपडं केलं. भाऱ्याची परीक्षा मुठीवरून होते, तशी गाठींची या खोक्यावरून, इतकं ते अजून विसरले नव्हते. एकेक तुरा उचलून ते गालावरून उलटा फिरवू लागले आणि दोन्हीकडे वेगवेगळे ठेवू लागले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यामुळे गाल ओला होई, आणि ओल्या गालावर मऊ-राठ कळत नाही, म्हणून ते दर वेळी उपरण्यानं गाल पुसून घेत.

दुपार कलली तेव्हा खोकं संपलं. अंजनाचा ढीग गुडघ्याएवढा झाला होता. धामणीच्या काड्या निघाल्या सात.